आटत गेलेली कादंबरी

"हेमा हल्ली भांडत नाही गं," सरोजमावशी लिफ्टपाशी थांबून म्हणाल्या होत्या. "तिच्या हातातला तो फोन काढ आणि परत पाटी दे. मला हे लक्षण काही बरं दिसत नाही."

केतकीच्या एका हातात भिशीतून उरलेल्या ढोकळ्याचा डबा होता आणि खांद्यावर पेंगुळलेली लेक, शर्वी. ती हसली. "मावशी, सासू भांडत नाही अशी तक्रार घेऊन मी जाऊ कुणाकडे? लोक वेड्यात काढतील."

सरोजमावशींनाही हसू आलं. लिफ्ट आली, त्या खाली गेल्या, आणि विषय तिथेच राहिला.

ही भिशी कादंबऱ्यांची होती. जिचं नाव निघेल तिने महिन्याची कादंबरी निवडायची, बाकीच्यांनी ती वाचायची, आणि महिनाअखेरीस तिच्याच घरी जमून खायचं आणि भांडायचं. भांडण्यात हेमलता शेवाळेंचा हात धरणारं पाथर्डी फाट्यावर कुणी नव्हतं. वीज मंडळाच्या तक्रार कक्षात त्यांची उभी नोकरी लोकांच्या शिव्या ऐकण्यात गेली होती. निवृत्तीनंतर त्या जणू सगळ्याची परतफेड करत होत्या. अमक्या पात्राने बापाला माफ करायला नको होतं, तमकीने तेव्हाच घर सोडायला हवं होतं, यावरून त्या आणि पार्लर चालवणाऱ्या सरोजमावशी एकमेकींशी आठवडाभर अबोला धरत, आणि मग पुढच्या कादंबरीवरून बोलायला लागत.

सगळ्याजणी वाचायच्या त्या पाटीवर. ई-रीडर हा शब्द भिशीत कुणी वापरत नसे. करड्या रंगाची, चपटी, मांडीवर पाटीसारखी बसते म्हणून पाटी.

दीड-दोन वर्षांपूर्वी हेमलताबाई पाटीवर चिडायला लागल्या. पान पुढे जायचं, मागे यायचं, परत पुढे. "ही मेली पाटी नावं बदलते मधेच," त्या म्हणायच्या. "परवापर्यंत याचं नाव दुसरंच होतं." चष्म्याचा नंबर बदलून आणला. दिवा बदलला. मग गुजरातेत दहेजच्या रसायन कारखान्यात नोकरी करणारा त्यांचा मुलगा, केतकीचा नवरा ऋषी महिन्याच्या सुट्टीला आला, त्याने आईची चिडचिड दोन दिवस पाहिली आणि तिच्या फोनवर वाचनाचं नवं ॲप टाकून दिलं. "आई, यात 'ओघ' चालू ठेव. अडणार नाही बघ तुझं."

खरोखरच अडलं नाही. हेमलताबाई पुन्हा वाचायला लागल्या. पाय वर घेऊन, गालातल्या गालात हसत, आठवड्याला एक कादंबरी. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सगळ्यांत मोठा श्वास केतकीचा होता, आणि त्याला कारण होतं.

शर्वी वर्षाची असताना कुणीतरी कौतुकाने तिच्या तोंडात चिक्कीचा तुकडा घातला होता. बघता बघता ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. दवाखान्यापर्यंतचा तो रस्ता केतकी अजून कधीकधी झोपेत पार करते. त्या दिवसापासून घरात शेंगदाण्याचा दाणा आला नाही. ज्या घरात कोशिंबिरीपासून वांग्यापर्यंत सगळ्याला कूट लागतं तिथे हे सोपं नव्हतं. पण हेमलताबाईंनी कुटाचा डबा स्वतः उचलून वॉचमनला देऊन टाकला आणि सगळा स्वयंपाक तीळ आणि सुक्या खोबऱ्यावर नव्याने बसवला. दाराजवळच्या खुंटीवर एक पिशवी लटकायला लागली. तिच्यात इंजेक्शनचं पेन. ते कसं टोचायचं हे त्यांनी उशीवर सराव करून शिकून घेतलं होतं.

म्हणून तर केतकी कामावर परत जाऊ शकली. ती कृषी पदवीधर. निर्यातीच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये माल तपासायची. दोन पाळणाघरांनी शर्वीची ॲलर्जी ऐकून नम्रपणे नकार दिला होता. तिसऱ्याने "आम्ही बघून घेऊ" म्हटलं, आणि ते ऐकूनच केतकी तिथून उठून आली होती. शर्वी आणि शेंगदाणा यांच्यामध्ये दिवसभर एकच माणूस उभं होतं. ते माणूस आनंदात होतं, कादंबऱ्या वाचत होतं, भांडत नव्हतं. अशा वेळी सरोजमावशींच्या बोलण्यावर कोण विचार करत बसणार?

हे 'ओघ' काय असतं ते इथे थोडं सांगायला हवं.

वाचताना आपला डोळा ओळीवरून सरळ सरकतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो उड्या मारतो. उडी, क्षणभर थांबा, पुन्हा उडी. मजकूर सोपा असेल तर उड्या लांब आणि थांबे छोटे. धागा सुटला की डोळा मागे उडी घेतो. एखादं नाव ओळखीचं वाटलं नाही की त्या नावावर रेंगाळतो, आणि मेंदूला जोर लावावा लागला तर बाहुली किंचित मोठी होते. हे आपल्याला स्वतःला कळत नाही. फोनच्या कॅमेऱ्याला मात्र कळतं, कारण तो सबंध वेळ आपल्या तोंडाकडेच बघत असतो.

पूर्वी फोन हे नुसतं नोंदवायचा. मग मजकूर जागच्या जागी पुन्हा लिहू शकणारी यंत्रणा फोनच्या आतच मावायला लागली आणि दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या. वाचक एखाद्या नावावर अडला की पुढच्या पानावर ते नाव ओळखीसकट येतं. तरीही अडला तर वाक्यं छोटी होतात. आणखी अडला तर आडवळणाची पात्रं गळतात, दोन मावश्यांची एक मावशी होते. गोष्ट वाचकाच्या मापाची होते. लेखकांनी आधी आरडाओरडा केला, पण वाचक पुस्तक शेवटपर्यंत वाचतात म्हटल्यावर बऱ्याच जणांनी परवानगी देऊन टाकली.

पाटीला यातलं काही येत नाही. तिला कॅमेरा नाही. तिच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या रंगाचे बारीक कण असतात. पान उलटताना विजेचा एक झटका बसतो, कण आपापल्या जागी जाऊन बसतात आणि मग वीज बंद केली तरी तसेच राहतात. समोर कोण आहे, त्याला समजतंय का, कशाचाच पत्ता तिला नसतो. एकदा बसलेलं अक्षर हलत नाही.

भिशीत हळूहळू बऱ्याच जणी फोनवर वाचायला लागल्या आणि तिथे एक नवंच वाक्य रुळलं.

"धाकटीने त्याला घरात घ्यायलाच नको होतं," एक म्हणायची.

"कोण धाकटी?" हेमलताबाई विचारायच्या.

"अगं, धाकटी जाऊ!"

"माझ्यात नव्हती बाई कुणी धाकटी जाऊ."

"तुझ्या फोनात नसेल मग," असं म्हणून सगळ्या ढोकळ्याकडे वळायच्या.

प्रत्येकीची गोष्ट थोडी वेगळी असते हे एकदा मान्य झालं की कोण काय विसरलं आणि कुणाला काय दिसलंच नव्हतं, हे वेगळं काढता येत नाही. एकट्या सरोजमावशींना ते खटकलं होतं. त्यासाठी त्यांना शास्त्र माहीत असण्याची गरज नव्हती. त्यांना भांडायला कुणी उरलं नव्हतं, इतकंच.

द्राक्षांच्या हंगामातली गोष्ट. एक दिवस पॅकहाउसला माल आला नाही म्हणून केतकी दुपारीच घरी निघाली. जिन्यातच तिला वास आला. खमंग, ओळखीचा, लहानपणीचा. तिला आधी बरंच वाटलं, शेजारी कुणीतरी दाणे भाजतंय. मग ती आपल्या दारापाशी पोचली आणि वास दाराच्या आतून येत होता.

ओट्यावर कढई होती. ताटात भाजलेले दाणे, निम्मे सोललेले, आणि सालपटं पंख्याच्या वाऱ्याने घरभर उडत होती.

"आलीस? बरं झालं," हेमलताबाई म्हणाल्या. त्या खुशीत होत्या. "काकडीची कोशिंबीर करायला घेतली तर घरात कुटाचा पत्ता नाही. खालून दाणे आणले."

"शर्वी कुठंय?"

"झोपलीय. किती घाबरलीयेस! काय झालं?"

"आई, शर्वीने खाल्लेत का?"

"दाणे? अगं, ती—" आणि मग त्या थांबल्या. केतकीने त्यांचा चेहरा बदलताना पाहिला. आधी नुसतं नवल, मग काहीतरी शोधल्यासारखं, आणि मग ते सापडलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या आणि खुर्ची कुठे आहे ते न बघताच खाली बसल्या. फरशीवर.

शर्वी गाढ झोपली होती. ओठ साधे, श्वास साधा. केतकीने तिचं तोंड हुंगलं, बोटं हुंगली. मग ताट, कढई, झाडू, पायपुसणं सगळं पिशवीत भरून खाली नेऊन टाकलं. वर आली तेव्हा हेमलताबाई मोरीत हात धूत होत्या. कोपरापर्यंत. पुन्हा पुन्हा.

"मला माहितीये गं," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "मला माहीतच आहे. हाताने केलं ते."

केतकीने मान हलवली. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप चालतो. हे तिला पटलंही असतं. खरं तर तिला ते पटवून घ्यायचं होतं. हंगामाचे दिवस होते.

संध्याकाळी हेमलताबाई गॅलरीत फोन घेऊन बसल्या. दुपारचं काही चेहऱ्यावर उरलेलं नव्हतं. केतकी शेजारी जाऊन बसली. त्या महिन्याची कादंबरी सर्कशीचे तंबू शिवणाऱ्या एका घराण्याची होती, आणि केतकी ती सासूबाईंच्या जुन्या पाटीवर सवडीने वाचत होती.

"कुठपर्यंत आलात?"

"ऐक ना," म्हणून त्या वाचायला लागल्या. "द्वारका दारात उभी होती. द्वारका म्हणजे तंबूवाल्यांची मोठी मुलगी. तिचा भाऊ भिवाजी सर्कशीबरोबर गेला होता. तो अजून आला नव्हता." त्यांनी पान सरकवलं. "द्वारका वाट बघत होती. ती भिवाजीची बहीण. भिवाजी सर्कशीबरोबर गेला होता."

"छान आहे," केतकी म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच लांबून ऐकू आला. "आणि कासिमचाचा? दाभण घेऊन येतात ते?"

"तुझ्या पाटीत असतील."

"बघू जरा फोन."

तिने फोन हातात घेतला. पानावर चार-पाच ओळी होत्या, मोठ्या अक्षरातल्या, मुलांच्या पुस्तकात असतात तशा. तिने त्या वाचल्या. पुढचं पान आलं. तिथे ओळी जरा लांब होत्या. तिसऱ्या पानावर ओसरीत कासिमचाचा येऊन बसले, दाभणात सुतळी ओवत. मग स्वयंपाकघरातून यमुना बोलली, आणि तिच्या बोलण्यात थोरल्या जावेला मारलेला टोमणा होता. मग दोन गावं आली, एक जुना खटला आला, भिवाजी का गेला त्याची तीन माणसांनी सांगितलेली तीन कारणं आली. केतकीचे डोळे पुढे जात होते आणि फोन ते बघून एकेका माणसाला आत सोडत होता. शेवटी पान भरून गेलं. पाटीवर होतं तसंच.

तिने फोन परत दिला.

हेमलताबाई वाचायला लागल्या आणि ती त्यांच्या खांद्यावरून बघत राहिली. खटला गेला. कासिमचाचा उठून गेले. यमुना एक पान टिकली, नुसती "भिवाजीची बायको" म्हणून, मग तीही गेली. द्वारका तेवढी दारात उभी राहिली.

"मस्त लिहिलंय नाही?" हेमलताबाई म्हणाल्या.

गच्चीवर जाऊन केतकीने ऋषीला फोन लावला. सगळं सांगितलं.

"अगं, पण ती खूश आहे ना?" तो म्हणाला.

"खूश आहे. दाणे भाजतानाही खूशच होती."

"मीच टाकून दिलं होतं ते," तो म्हणाला. मग, "एवढ्यात बोलू नकोस तिच्याशी. मी आलो की बघू. तुझा हंगामही संपेल तोवर."

हाच विचार तिनेही जिना चढताना केला होता. हंगाम संपेपर्यंत. ओट्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी लावता येईल. किराणावाल्याला सांगून ठेवता येईल. स्वयंपाकघरात कॅमेरा बसवता येईल, आपण पॅकहाउसमधून बघत राहू. कॅमेऱ्यापाशी आल्यावर मात्र तिचा विचार थांबला. लांबून बघत राहणारं आणि अडलं की गुपचूप सावरून घेणारं एक यंत्र घरात आधीच होतं. तिने दुसरं बसवलं असतं, एवढंच.

सकाळी शर्वी खेळत असताना तिने पाटी हेमलताबाईंच्या हातात दिली. तेच प्रकरण उघडलेलं.

"हे कशाला आता?"

"एकच पान वाचा."

त्यांनी वाचायला घेतलं. यमुनाच्या नावापाशी थांबल्या. पान मागे घेतलं, पुढे आणलं, परत मागे. "ही मेली पाटी—" त्या म्हणाल्या आणि थांबल्या. पाटी उलटी करून मागून बघितली, जशी बिघडलेली वस्तू बघतात. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पाटी नावं बदलत नाही ना गं?"

"नाही, आई. तिला बदलता येत नाही."

"आणि फोन?"

"फोन बदलतो. तुमचं अडू नये म्हणून."

हेमलताबाईंनी शर्वीकडे पाहिलं. ती ठोकळ्यांचा मनोरा रचत होती, तो पडला, तिने पुन्हा रचायला घेतला.

"मंडळात एक ग्राहक होता आमचा," त्या म्हणाल्या. "फ्यूज उडतो, फ्यूज उडतो म्हणून रोज फोन करायचा. रोज म्हणजे रोज. एक दिवस फोन यायचा बंद झाला. मी म्हटलं, सुटलो बाई. नंतर कळलं, त्याने फ्यूजला जाड तार बांधून टाकली होती. मग कशाला उडतोय तो? घर जळलं त्याचं."

त्यांनी पाटी पुन्हा सरळ केली.

"कधीपासून होतंय मला हे?"

"तेच कळायला मार्ग राहिला नाही, आई."

"हं." त्यांनी पाटी मांडीवर पालथी ठेवली. "मग आता ऐक. आजपासून शर्वीला मी एकटीने सांभाळायची नाही. हे मी म्हणतेय. तुझ्या तोंडून आलं असतं तर मी भांडले असते आणि जिंकलेही असते, तुला माहितीये. म्हणून आधीच सांगून मोकळी होते." आणि मग, कपाटाकडे बघत, जरा वेगळ्या आवाजात, "ते पेन कुठे ठेवतो गं आपण?"

"खुंटीवर. दाराजवळ."

"खुंटीवर," त्या म्हणाल्या. "खुंटीवर, दाराजवळ."

स्मृतिभ्रंशात मेंदूत साचणारा गाळ धुऊन काढणारी औषधं आता आहेत. ती किती लागू पडतात हे माणूस किती लवकर येतं त्यावर असतं. केतकी सासूबाईंना घेऊन गेली त्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला स्पष्ट. पूर्वी वाचणारी माणसं त्यांच्याकडे सगळ्यांत लवकर यायची, त्या म्हणाल्या. कादंबरीत चार पिढ्या असतात, वीस नावं असतात. काही निसटायला लागलं तर तिथे आधी कळायचं. हल्ली तीच माणसं सगळ्यांत उशिरा येतात, हसतमुखाने, कालच एक पुस्तक संपवलं म्हणून सांगत. हेमलताबाई उशिरा आल्या का, या प्रश्नावर त्यांनी थेट उत्तर दिलं नाही. "आणखी उशीर झाला असता," एवढंच म्हणाल्या. औषध सुरू झालं.

केतकीने हंगाम अर्ध्यावर सोडला. पॅकहाउसने पुढच्या वर्षी बघू असं सांगितलं, म्हणजे काय ते तिला कळलं. ऋषी महिन्यातून दोनदा यायला लागला. तो आईच्या फोनमधून ते ॲप काढायला बसला, तेव्हा आईने त्याचा हात धरला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "आजारपणात लागेल. फक्त मी ते उघडलं की मला विचारायचं, पाटीवर किती वाचलंस?"

पाटीवर त्या दिवसाला दोन पानं वाचतात, कधी एकच. एखाद्या नावाशी येऊन थांबतात. बोट त्या नावावर ठेवतात, डोळे मिटतात आणि ते माणूस आठवेपर्यंत तशाच बसून राहतात. काही वेळा आठवतं. आठवलं नाही तर पान मागे घेऊन त्याला शोधून काढतात. समोर बसून हे बघणं फार अवघड असतं. नाव आपल्याला माहीत असतं, अगदी ओठांवर असतं, आणि ते सांगायला क्षणही लागत नाही. केतकी हाताची घडी घालून बसते.

तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात, किंवा शेजारी, किंवा लांबच्या गावात एकटं राहणारं कुणीतरी फोनवर कादंबऱ्या वाचत असेल. भराभर, मजेत, कुठेही न अडखळता. आज त्यांच्याकडे जाऊन या. चहा घ्या, इकडचं तिकडचं बोला, मग फोन पालथा ठेवायला सांगा आणि विचारा, गोष्टीत कोण कोण आहे? आणि गप्प बसा. एखादं नाव अडलं तर तुम्हाला ते पुढे करावंसं वाटेल. करू नका. थांबा, आणि बघा.